शहापुरातील मुद्रितशोधन : आठ फर्म्यांच्या स्मरणिकेचा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा १२८ पानांची, म्हणजे सोळा पानांच्या आठ फर्म्यांची, स्मरणिका काढण्याचे ठरले आणि चिटणीस या नात्याने तिचे संपादन माझ्याकडे आले. लेख मिळवणे, जाहिराती गोळा करणे, जुनी छायाचित्रे शोधणे ही कामे गावात राहून होतात. छापण्यापूर्वी मजकूर अक्षर न् अक्षर तपासून देणारे माणूस मात्र बेळगावातच शोधावे लागते, आणि तेही आता सहजी सापडत नाही. शहापूर भागात राहणाऱ्या ज्या बाईंकडून आम्ही हे काम करून घेतले, त्यांच्या कामाविषयी मी सविस्तर लिहीत आहे, कारण या भागात पुस्तक, स्मरणिका, ग्रामीण साहित्य संमेलनाची पत्रिका किंवा साधी लग्नपत्रिका छापू पाहणाऱ्या प्रत्येकाला या माहितीचा उपयोग होईल. नाव छापू नये अशी बाईंची इच्छा आहे, म्हणून ते देत नाही. परंतु शहरातील मराठी अक्षरजुळणी करणाऱ्या दोन-तीन दुकानांत चौकशी केली, तर त्यांच्या दारापर्यंत नेऊन सोडणारे कोणीतरी भेटतेच.

मुद्रितशोधनासाठी वेगळे पैसे मोजायला आमची समिती तयार झाली, याला एक जुने कारण आहे. बारा वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची पुस्तिका एका दुकानातून छापून घेतली होती. ‘प्रूफ आम्हीच बघतो, त्याचे पैसे नाहीत’ असे दुकानदाराने सांगितले आणि आम्ही निर्धास्त झालो. देणगीदारांची यादी जुळवताना वरच्या ओळीची नक्कल करून खाली नाव बदलण्याची पद्धत असते. तशा एका ओळीत वरचे ‘कै.’ तसेच राहिले आणि ते आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावामागे छापले गेले. गुरुजी प्रकाशनाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेले होते. त्यांनी पुस्तिका चाळली, त्या पानावर थांबले, खिशातले पेन काढून ती दोन अक्षरे खोडली, वर ‘श्री.’ लिहिले आणि पुस्तिका मिटून ठेवली. ते कोणाला काहीही बोलले नाहीत. त्यांच्या शेजारी मी बसलो होतो.

त्याच पुस्तिकेत महाप्रसादाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांना दिलेली रक्कम’ असे हवे होते, तेथे ‘आचार्यांना दिलेली रक्कम’ असे छापले होते. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’ या जोडाक्षराचा ‘र्या’ होतो, डोंगरातल्या ‘दऱ्या’ एका क्षणात समुद्राचा ‘दर्या’ होतात, आणि दोन्ही शब्द मराठीत खरे असल्यामुळे संगणकातील शब्दतपासणीला त्यात काहीही वावगे दिसत नाही. ‘दिन’ या शब्दाचा ‘दीन’ झाला तरीही तेच होते, कारण ‘दीन’ हाही शब्द कोशात आहे. ‘उज्वल’ लिहिले तर यंत्र लाल रेघ ओढते आणि ‘उज्ज्वल’ सुचवते. एवढी मदत त्याची जरूर होते, आणि ती मी आजही घेतो. मात्र दोन खऱ्या शब्दांपैकी त्या वाक्यात कोणता हवा, हे ठरवायला वाक्य समजणारा वाचक लागतो.

बाई माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांचे वडील खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात जुळारी होते, त्यामुळे उलट्या अक्षरांत बसवलेली ओळ वाचायला त्या शाळेत जाण्याआधीच शिकल्या. काम घराच्या पुढच्या खोलीत चालते. टेबलावर लाल आणि हिरवे अशी दोन पेने, एक लाकडी पट्टी, पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा आणि एक लांबट वही. पुठ्ठ्याला मधोमध एका ओळीच्या उंचीची खाच पाडलेली आहे. तो पानावर ठेवला की एकच ओळ दिसते आणि वरच्या-खालच्या ओळी झाकल्या जातात. डोळा पुढे धावत नाही, अर्थाच्या ओघात चुकीचे अक्षर बरोबर वाचले जात नाही. लाल पेन निश्चित चुकीसाठी आणि हिरवे पेन शंकेसाठी. लाल खूण अक्षरजुळणी करणाऱ्याने डोळे झाकून अमलात आणायची. हिरवी खूण संपादकाने किंवा लेखकाने उत्तर देईपर्यंत तशीच राहते. ही विभागणी मला त्यांच्या सगळ्या पद्धतीत सर्वात मोलाची वाटली, कारण आपल्याला माहीत असलेले आणि आपल्याला वाटत असलेले यांत त्या कागदावरसुद्धा गल्लत होऊ देत नाहीत.

आकडे असलेली पाने त्या एकट्या तपासत नाहीत. देणगीदारांची यादी आणि वार्षिक हिशेब यांसाठी त्यांनी मला समोर बसवले. मी मूळ पावतीपुस्तकातून नाव आणि रक्कम मोठ्याने वाचायची, त्यांनी प्रूफावर बोट ठेवून पुढे सरकायचे. ‘पाच हजार एक’ असे म्हटले की त्या ‘पाच, शून्य, शून्य, एक’ असे म्हणत. २१४ नावांना दीड तास लागला आणि त्यात अकरा चुका निघाल्या. एका ठिकाणी ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ यांची अदलाबदल होती. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट मी त्यांना सांगितलेली होती, त्यामुळे प्रत्येक ‘कै.’ पाशी त्या थांबून माझ्याकडे पाहत आणि मी ‘होय’ म्हटल्यावरच बोट पुढे जाई.

आता भाषेविषयी. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अठरा आहेत. त्यांपैकी चौदा १९६२ साली मान्य झाले आणि उरलेल्या चारांची भर १९७२ साली पडली. बाईंचा सगळा आधार या नियमांचा आहे. परंतु नियम पाठ असणे आणि आपल्या भागातील लेखकांच्या चुका कोठून येतात हे ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या स्मरणिकेची अक्षरजुळणी करणारा तरुण कन्नड माध्यमात शिकलेला आहे. तो मराठी उत्तम बोलतो, वेगाने जुळवतो, आणि ‘शक्ति’, ‘समिति’, ‘कवि’, ‘गुरु’ असे शेवटचे अक्षर सातत्याने ऱ्हस्व ठेवतो. पहिल्या प्रुफात अशा जागा पाहून मी त्याला बोलणार होतो. बाईंनी मला थांबवले. कन्नडमध्ये हे शब्द संस्कृतातल्याप्रमाणे ऱ्हस्वच लिहितात, त्यामुळे त्याने शाळेत जे शिकले तेच तो लिहितो आहे, असे त्यांनी सांगितले. शिवाय स्मरणिकेतील तीन ज्येष्ठ लेखकांच्या हस्तलिखितांतही ‘कवि’ आणि ‘समिति’ असेच आहे, कारण त्यांचे शालेय शिक्षण १९६२ पूर्वीचे आहे. एकच चूक, दोन वाटांनी आलेली. मराठीच्या नियमाप्रमाणे एकटा शब्द ‘शक्ती’, ‘कवी’, ‘गुरू’ असा दीर्घ लिहायचा आणि तोच समासात पूर्वपदी आला की ‘शक्तिपीठ’, ‘कविसंमेलन’, ‘गुरुदक्षिणा’ असा ऱ्हस्व. बाईंनी ही जोडी एका चिठ्ठीवर लिहून त्या तरुणाला दिली, त्याने ती पडद्याच्या कडेला चिकटवली, आणि पाचव्या फर्म्यापासून या जातीची चूक जवळपास नाहीशी झाली.

गावांच्या नावांचा प्रश्नही सीमाभागात सोपा नसतो. ‘पूर’ हा शब्द ग्रामनामाच्या शेवटी आला की दीर्घ, म्हणून ‘खानापूर’ आणि ‘शहापूर’. परंतु सप्तमीत ‘खानापुरात’ आणि ‘शहापुरात’. आमच्या लेखांत ‘खानापुर’, ‘खानापूरात’ आणि, मोबाइलवर बोलून लिहिलेल्या एका लेखात, ‘खाना पूर’ असे दोन तुकडेही होते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. आमच्याकडे आलेल्या लेखांत ‘बेळगाव’, ‘बेळगांव’, ‘बेळगावी’ आणि इंग्रजीवरून आलेले ‘बेलगाम’ अशी चारही रूपे होती. ‘बेळगांव’ मधला अनुस्वार बाईंनी नियमाप्रमाणे लाल पेनाने काढला, कारण तो आज उच्चारात नाही आणि लेखनातही नको. ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’ हे मात्र त्यांनी ठरवले नाही. ते हिरव्या पेनाने माझ्याकडे आले. समितीने बसून असे ठरवले की लेखांच्या मजकुरात ‘बेळगाव’ ठेवायचे आणि सरकारी कार्यालयांची नावे व टपालाचे पत्ते यांत ‘बेळगावी’. तो निर्णय तारखेसह बाईंच्या लांबट वहीत गेला. त्याच वहीत ‘चन्नम्मा’ लिहायचे की ‘चेन्नम्मा’, ‘कन्नड’ लिहायचे की ‘कानडी’, ‘पाटीलांनी’ दिसले की ‘पाटलांनी’ करायचे, असे एकूण त्रेचाळीस निर्णय स्मरणिका संपेपर्यंत जमा झाले. बाई म्हणाल्या, “माझं मत राहू द्या बाजूला. पान चारवर जे आहे ते पान एकशे चारवर हवं, एवढं मी बघते.”

माझ्या दृष्टीने या सेवेची खरी परीक्षा माझ्या आत्याच्या लेखात झाली. वाचनालयात येऊन पुस्तक नेणारी गावातील पहिली मुलगी म्हणून तिच्या आठवणी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यावरून नऊ पानांचा लेख तयार झाला. आत्या आमच्या भागातील मराठी बोलते. “मी चौथीत होतो. शाळा सुटली की वाचनालयात आलो, पुस्तक घेतलो आणि परड्यात बसून वाचलो,” हे तिचे वाक्य आहे. आमच्याकडे बायका ‘मी आलो’ म्हणतात, आणि ‘मी पुस्तक घेतले’ न म्हणता ‘मी पुस्तक घेतलो’ म्हणतात. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही आणि भूतकाळातही क्रियापद कर्मामागे न जाता कर्त्यामागे जाते. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा एका अंगणात बोलल्या गेल्यावर मराठीच्या अंगी हे वळण आले, असे मी समजतो.

बाईंचा पत्ता मिळण्यापूर्वी हा लेख मी नमुना म्हणून दूरच्या एका शहरातील मुद्रितशोधकाकडे संगणकावरून पाठवला होता. दोन दिवसांत तो परत आला. सगळीकडे ‘आले’, ‘घेतले’, ‘वाचले’. ‘परड्यात’ च्या जागी ‘परसदारी’. ‘अक्का’ च्या जागी ‘ताई’. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले नव्हते. मी तो आत्याला वाचून दाखवला. तिने अर्ध्या पानापर्यंत ऐकले आणि म्हणाली, “हे माझं नव्हे रे. मी असं कुठं बोललो?”

तोच मूळ लेख बाईंकडून परत आला, तेव्हा सुरुवातीच्या माझ्या दोन परिच्छेदांवर लाल खुणांची गर्दी होती. ‘दृष्टिकोन’ चा ‘दृष्टीकोन’ केलेला, ‘महत्त्व’ मधला एक ‘त’ गाळलेला, एका वाक्यात ‘जे’ आहे पण ‘ते’ नाही. आत्याच्या शब्दांना मात्र त्यांनी हात लावलेला नव्हता. ‘माझं’, ‘कुठं’, ‘सगळं’ या बोलण्यातील रूपांवरचे अनुस्वार तसेच ठेवलेले होते, कारण संवादात ते ठेवण्याची मुभा नियमांतच आहे. ‘अक्का’ शब्दही जागेवर होता; तसा तो ‘अण्णा’, ‘तूप’ आणि ‘अडकित्ता’ यांच्याबरोबर कन्नडकडून सगळ्याच मराठीत कधीचा आलेला आहे. नऊ पानांत केवळ तीन ठिकाणी हिरव्या खुणा होत्या. तिथे ‘आलो’ ऐवजी ‘आले’ असे जुळवले गेले होते आणि पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत बाईंनी लिहिले होते : ‘आत्या सगळीकडे आलो म्हणतात. इथेही म्हणाल्या का? ध्वनिमुद्रण ऐकून ठरवा.’

मी ऐकले. एका ठिकाणी ‘आलो’ होते. ती जुळवणाऱ्याची चूक. उरलेल्या दोन ठिकाणी आत्या खरोखरच ‘आले’ म्हणाली होती, कारण तिथे ती पुण्याहून आलेल्या आपल्या शिक्षिकेचे बोलणे सांगत होती आणि त्या शिक्षिकेचे बोलणे तिने शिक्षिकेच्याच रूपात लक्षात ठेवले होते. सत्तर वर्षांपूर्वीचे ते दोन ‘आले’ सरसकट बदलाने, कोणत्याही दिशेने केलेल्या बदलाने, पुसले गेले असते. दूरच्या मुद्रितशोधकाने सगळेच ‘आले’ केले होते. मी स्वतः उत्साहाच्या भरात सगळेच ‘आलो’ करणार होतो. मुद्रितशोधन म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळले, आणि त्यासाठी मोजलेला प्रत्येक रुपया मला योग्य वाटतो.

वस्तुस्थितीच्या चुका शोधणे हे मुद्रितशोधकाचे काम नव्हे, असे बाई स्वतःच सांगतात. तरीही त्यांच्या हिरव्या खुणांनी आम्हाला एका मोठ्या चुकीतून वाचवले. वाचनालयाच्या पहिल्या इतिवृत्तात स्थापनेची तिथी ‘शके १८४६, माघ शुद्ध पंचमी’ अशी नोंदलेली आहे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, असे सर्वांनाच ठाऊक असते, म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षे स्थापना १९२४ ची धरली जात होती आणि मुखपृष्ठावरही ‘१९२४–२०२४’ असे जुळवून झाले होते. बाईंनी मुखपृष्ठाच्या प्रुफावर लिहिले : ‘माघ वर्षाच्या शेवटाला येतो. ७८ की ७९?’ शके १८४६ चा चैत्र १९२४ मध्ये सुरू झाला, हे खरे. पण त्याचा माघ येईपर्यंत जानेवारी उलटत आला आणि इसवी सन १९२५ लागलेला होता. मुखपृष्ठ बदलले आणि शताब्दीचा कार्यक्रम २०२५ च्या वसंतपंचमीला ठेवला. ज्येष्ठ सभासदांपैकी काहींना हे प्रथम पटले नाही. इतिवृत्त आणि पंचांग दोन्ही समोर ठेवल्यावर मात्र प्रश्न मिटला.

स्मरणिकेच्या एका लेखात बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे वर्ष ‘१९४२’ पडले होते. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते हे अधिवेशन, आणि ते १९२४ च्या डिसेंबरात भरले. जुळवणाऱ्याच्या बोटांनी शेवटचे दोन आकडे उलटे टाकले होते. ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेले मराठी साहित्य संमेलन एका लेखकाने १९४८ चे लिहिले होते. ते १९४६ चे. राज्य पुनर्रचनेचा दिवस, १ नोव्हेंबर १९५६, एका आठवणीत शनिवार म्हणून आला होता. तो गुरुवार होता. ही शेवटची खूण पाहून मी त्या लेखकांना विचारले, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की त्यांच्या मनात तो दिवस शाळा अर्धी भरल्याचा आहे आणि अर्धी शाळा शनिवारीच असे. आम्ही वाराचे नाव काढले आणि अर्ध्या शाळेची आठवण ठेवली.

इतिवृत्तातील जुने उतारे जसेच्या तसे छापावेत, याविषयी बाई आग्रही होत्या. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’ हे १९२५ चे लेखन आहे आणि त्यावरचे अनुस्वार त्या काळच्या चिटणिसांच्या हातचे आहेत. ते काढण्याचा अधिकार आजच्या चिटणिसाला नाही, असे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले. अक्षरजुळणीच्या दुकानात ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा संपूर्ण स्मरणिकेवर चालवून सगळे ‘कांही’ एकदम ‘काही’ करून टाकण्याचा विचार चालू होता, तो त्यांनी वेळीच थांबवला.

उणिवाही सांगणे आवश्यक आहे. बाई केवळ कागदावर काम करतात. त्यांनी दाखवलेली दुरुस्ती संगणकावर दुसऱ्याच माणसाला करावी लागते आणि त्या देवघेवीत नव्या चुका शिरतात. आमच्या तिसऱ्या प्रुफात एक राहिलेला शब्द भरताना ओळी सरकल्या आणि एका परिच्छेदाची शेवटची ओळ पानाच्या चौकटीबाहेर जाऊन दिसेनाशी झाली. ती बाईंनीच पकडली, पण त्यासाठी खानापूर ते शहापूर अशी आणखी एक फेरी करावी लागली. पानाच्या डोक्यावर येणारी लेखांची शीर्षके त्यांनी पहिल्या प्रुफात तपासली आणि नंतर तपासली नाहीत. परिणामी ९७ व्या पानावर आधीच्या लेखाचे शीर्षक छापले गेले आहे. एका समूहचित्राखालच्या नावांत डावीकडून तिसरे आणि चौथे नाव यांची अदलाबदल झाली, तीही सुटली. चित्रओळी आणि शीर्षके यांची जबाबदारी संपादकाने स्वतःकडे ठेवावी, असा माझा सल्ला आहे. त्या दोन सभासदांची मी घरी जाऊन क्षमा मागितली आणि उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी घातली.

दुसरे असे की बाई संपादन करीत नाहीत. वाक्य अवजड असेल, तर त्याखाली नागमोडी रेघ येते. पर्याय सुचवला जात नाही. लेख लांबला आहे, एकच मुद्दा तीनदा आला आहे, हे त्या सांगतील, पण कापणार नाहीत. नवख्या लेखकाला हात धरून लिहिते करणारे कोणी हवे असेल, तर ही सेवा पुरेशी नाही. अक्षरगणवृत्तांतील कविता त्या घेतात, कारण तिथे वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट कोठे घेतली आहे हे त्यांना मोजून सांगता येते; गझल मात्र त्या नम्रपणे परत करतात.

दर असा होता : डेमी आकाराच्या पानाला पहिल्या वाचनाचे तीस रुपये आणि दुसऱ्या वाचनाचे पंधरा. १२८ पानांचे मिळून ५,७६० रुपये झाले. मशीनवर जाण्यापूर्वीची शेवटची प्रत त्यांनी स्वतःहून मागून घेतली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. तीन वाचनांना मिळून तेवीस दिवस लागले. छपाईचा खर्च पाहता ही रक्कम लहान आहे. एक फर्मा पुन्हा छापावा लागला असता, तर कागदातच याहून अधिक पैसे गेले असते. घाईचे काम त्या घेत नाहीत. ‘उद्या संध्याकाळी प्रकाशन आहे’ म्हणून आलेले गठ्ठे परत गेलेले मी त्यांच्या ओसरीवर बसून पाहिले आहेत.

लग्नपत्रिका त्या वेगळ्या दराने, समोर बसवून, दहा मिनिटांत पाहून देतात. मी तेथे असताना एक गृहस्थ अशी पत्रिका घेऊन आले होते. वधूच्या नावामागे ‘चि. सौ. का.’ होते. बाईंनी ‘का’ वर टिंब दिले आणि सांगितले की हे ‘सौभाग्यकांक्षिणी’ चे ‘कां’ आहे, इथला अनुस्वार शब्दातच आहे, तो काढायचा नसतो. मग खाली ‘आर्शिवाद’ चा ‘आशीर्वाद’ केला, मुहूर्ताची तारीख आणि वार भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून ताडून पाहिले आणि मंगल कार्यालयाच्या पत्त्यातील पिनकोड त्या गृहस्थांना मोठ्याने वाचायला लावला. ते वाचताना मध्येच थांबले. एक आकडा कमी होता.

ज्यांना काम द्यायचे असेल, त्यांनी मार्च ते मे हा लग्नसराईचा काळ आणि दिवाळीपूर्वीचे दोन महिने टाळावेत. हस्तलिखित किंवा मूळ मजकुराची प्रत प्रुफाबरोबर न्यावी. मूळ प्रत नसेल तर बाई काम घेत नाहीत. मोठ्या अक्षरात, दोन ओळींत मोकळी जागा सोडून, कागदाच्या एकाच बाजूला छापलेली प्रत त्यांना लागते. कन्नड नावे असतील, तर ती ज्यांची आहेत त्यांच्याकडूनच देवनागरीत लिहून घ्यावीत.

आत्याच्या आठवणींचे वेगळे पुस्तक करण्याचे आता ठरले आहे आणि पहिली चाळीस पाने मागच्या आठवड्यात शहापूरला पोहोचवली. काल त्यांतील बारा परत आली. पान सातवर एकच हिरवी खूण आहे. आत्या एका वाक्यात ‘परडं’ म्हणते आणि चार ओळी खाली ‘परसू’ म्हणते. या दोन वेगळ्या जागा आहेत की एकच, असे बाईंनी विचारले आहे, आणि त्याचे उत्तर मला आत्यालाच विचारावे लागणार आहे.